तांदळातल्या सोंड्याचं काळं कवच कोण बनवतं? (भुंगेऱ्यांच्या आतड्यातले जिवाणू)

कणगी
सोमवार, रात्री ९:४०

सकाळी तांदूळ निवडायला घेतले. पावसाळा लागला की आमच्याकडे हे ठरलेलंच, बिब्बे घाला नाहीतर कडुनिंबाचा पाला घाला, जुलैत डब्याचं झाकण काढलं की सोंडे वर चढलेले दिसणारच. परातीत पसरून एकेक वेचत होते तेव्हा नजरेला आलं की सगळे एका रंगाचे नाहीत. बहुतेक काळपट पण आठ-दहा अगदी लालसर, कोऱ्या चहाच्या रंगाचे. नातवाचं भिंग आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले. सोंड तीच, सोंडेवरून कोपरासारख्या वाकलेल्या मिशा त्याच, पाठीवरचे चार फिकट नारिंगी ठिपके तेच. फरक फक्त रंगात आणि कडकपणात, काळा नखाखाली कट् वाजतो, लालसर जरा दबतो.

माझी आई म्हणायची, तांबडे ते नवे आणि काळे ते जुने. तिचं बरोबर होतं. तांबडे नुकतेच दाण्यातून बाहेर पडलेले असतात. पण ते काळे कसे होतात ही गोष्ट मला अख्ख्या जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते (२२ वर्षं अकरावी-बारावीला हा विषय शिकवलाय), म्हणून धागा काढतेय.

सोंड्याची मादी तांदळाच्या दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष होतो, म्हणून आपल्याला अळी कधी दिसतच नाही. आता तांदळात काय असतं, बहुतेक पिष्ट. किड्याला कवच काळं आणि कडक करायला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर लागतं, आणि ते किंवा ते ज्याच्यापासून बनतं ते फिनाइलॅलनिन दाण्यात फार थोडं. किड्याच्या शरीराला फिनाइलॅलनिन मुळापासून बनवता येत नाही, कुठल्याच प्राण्याला येत नाही, आपल्यालाही नाही.

बनवतात ते त्याच्या आतड्यातले सहजीवी जिवाणू. नाव सोडॅलिस पिएरान्टोनियस. पिएरान्टोनी या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलंय. अळीत हे जिवाणू आतड्याच्या सुरुवातीला, पुढचं आणि मधलं आतडं जुळतं तिथे खास पेशींच्या एका गोळ्यात राहतात. कोषात शरीराची मोडतोड होऊन नवी रचना होते तेव्हा त्या पेशी सुट्या होऊन आतड्यावरून सरकत जातात, आणि प्रौढ किड्यात मधल्या आतड्याला जे बोटांसारखे छोटे कोंब असतात त्यांच्या टोकांशी जाऊन बसतात. किडा नवा असताना त्यांची संख्या भराभर वाढते, टायरोसिनचा पुरवठा सुरू होतो, त्याच्यापासून डोपा नावाचं रसायन, डोपापासून काळं कडक कवच.

आणि कवच तयार झालं की किडा ते जिवाणू पचवून टाकतो. आतड्यातले सगळे. दोन-तीन आठवड्यांत तिथे एकही उरत नाही. ज्या पेशींत ते राहत होते त्या पेशी स्वतःला संपवतात आणि आतला ऐवज शरीर वापरून घेतं. फ्रान्समध्ये ल्यों शहरात अब्देलअझीझ हेद्दी यांच्या गटाने हे २०१४ मध्ये दाखवलं. मादीच्या अंडाशयात मात्र जिवाणू तसेच राखून ठेवलेले असतात, तिथून ते अंड्यात जातात, म्हणजे पुढच्या पिढीची शिदोरी जन्माआधीच बांधलेली.

म्हणजे परातीत लालसर सोंडा दिसला तर त्याच्या पोटात हे काम आत्ता चालू आहे असं समजायचं.

तुमच्याकडे काय काय दिसतं ते लिहा. तांदूळच असं नाही, कुठलाही भुंगेरा चालेल.

भातुकली
सोमवार, रात्री १०:०५

कणगीताई काय भारी लिहिलंय. आम्ही ह्यांना टोके म्हणतो, सासरी पोरकिडे म्हणतात. मी आजवर फक्त वैतागून फेकलेत. उद्या लेकीला घेऊन बघते, तिला चौथीला परिसर अभ्यासात कीटक आहेतच.

एक विचारू का, हे जिवाणू आपल्या पोटात गेले तर काही होतं का, कारण एखादा किडा शिजून जातच असणार.

कणगी
सोमवार, रात्री १०:२०

काही होत नाही गं. हे जिवाणू सोंड्याच्या पेशीच्या आत राहायला इतके सरावलेत की बाहेर जगणं त्यांना फार अवघड. शिवाय भात शिजतो. सोंड्यांमुळे नुकसान होतं ते दाणा पोकळ होतो आणि वास येतो त्याचं.

तर्कट
सोमवार, रात्री ११:१५

लेख आवडला पण एका शब्दावर अडलो. सहजीवी म्हणजे दोघांचा फायदा. इथे किडा जिवाणूंना पेशीत ठेवतो, त्यांच्याकडून काम करून घेतो आणि काम झालं की खाऊन टाकतो. याला सहजीवन म्हणायचं का? मला हे गोठ्यातल्या जनावरासारखं वाटतं, आपण गाय पाळतो तेव्हा गायीशी सहजीवन आहे असं म्हणत नाही.

कणगी
मंगळवार, सकाळी ७:३०

तर्कट, प्रश्न अगदी रास्त आहे आणि तुम्ही म्हणता त्याहून गोष्ट पुढची आहे. सोंड्याचं शरीर त्या पेशींमध्ये कोलिओप्टेरिसिन नावाचं एक जिवाणूविरोधी प्रथिन सतत सोडत असतं. त्याने जिवाणू मरत नाहीत पण त्यांना नीट विभागता येत नाही, लांबच लांब दोऱ्यासारखे होतात आणि पेशीतच राहतात. ल्योंच्याच लोकांनी हे प्रथिन बनणं बंद केलं तर जिवाणू पेशीतून निसटून इतर अवयवांत पसरायला लागले. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे दाराला कडी आहे हे खरं.

पण दुसरी बाजू बघा. आतड्यातले जिवाणू संपतात, अंडाशयातले संपत नाहीत. एका मादीची किती अंडी, त्या प्रत्येकात हे जातात, आणि जगात जिथे जिथे धान्याची कोठारं आहेत तिथे तिथे सोंडा आहे, म्हणून तिथे तिथे हा जिवाणूही आहे. वंश टिकण्याच्या हिशेबाने बघितलं तर त्याचं वाईट चाललंय असं मला म्हणवत नाही. फायदा एकेका जिवाणूचा बघायचा की वंशाचा, यावर उत्तर बदलतं. सहजीवन हा शब्द मी 'दोघं मिळून जगतात' एवढ्याच अर्थाने वापरते, प्रेमाने जगतात असा नाही.

तर्कट
मंगळवार, सकाळी ८:१०

वंशाच्या हिशेबाने पटलं. पण मग जिवाणू नसलेला सोंडा जगतच नाही का?

कणगी
मंगळवार, सकाळी ९:००

जगतो, आणि हेच महत्त्वाचं. प्रयोगशाळेत सोंडे साधारण ३५ अंशांवर दमट हवेत महिनाभर ठेवले की जिवाणू जातात आणि किडे राहतात. पण मग वाढ हळू होते, कवच फिकं आणि मऊ राहतं, आणि ते उडत नाहीत. धान्याच्या ढिगात जगून जातील पण एका कोठारातून दुसऱ्या कोठारात उडत जाणं गेलं.

अजून एक, हे नातं फार जुनं नाही. ३० हजार वर्षांच्या आतलं असावं असा अंदाज आहे. त्याच्याआधी सोंड्याच्या पूर्वजांत नार्डोनेला नावाचा वेगळा जिवाणू होता, कोट्यवधी वर्षं सोंडवाल्या भुंगेऱ्यांबरोबर राहिलेला. सोंड्यात त्याची जागा सोडॅलिसने घेतली. जुना नार्डोनेला अजून पुष्कळ भुंगेऱ्यांत आहे. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या एका अतिशय टणक भुंगेऱ्यातला नार्डोनेला तपासला तर स्वतःची पेशी चालवण्याची जनुकं सोडली तर त्याच्याकडे जवळजवळ एकाच कामाची जनुकं उरली होती, टायरोसिन बनवण्याची. बाकी सगळं काळाच्या ओघात गळून गेलं. शेवटपर्यंत काय सांभाळलं तर कवचाचा कच्चा माल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

ऊसपट्टा
मंगळवार, दुपारी १:२५

ताई तुम्ही कुठलाही भुंगेरा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे शिरोळ भागात हुमणीने, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, वाट लावलीय. दोन वर्षांपूर्वी खोडव्याचा सव्वा एकर पट्टा वाळला, ऊस नुसता हाताने धरला तर मुळासकट वर यायचा कारण मुळं राहिलीच नव्हती. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुलिंबावर आणि बाभळीवर बसतात तेव्हा आम्ही गावातली पोरं मिळून बांबूने फांद्या हलवतो आणि पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकतो. त्याने फरक पडतो पण सगळ्या गावाने एकदम केलं तरच, शेजारच्याने नाही केलं तर त्याच्याकडचे आपल्याकडे येतात.

माझा प्रश्न असा की हुमणीच्या अळीचा मागचा भाग काळपट आणि फुगलेला असतो, कातडीतून आतलं दिसतं, ते काय असतं? आमच्यात म्हणतात माती भरलेली असते. आणि तिच्या पोटात पण असे बॅक्टेरिया असतील तर तेच मारून टाकले तर? डाळिंबाच्या तेल्या रोगावर जे अँटिबायोटिक मारतात ते ड्रेंचिंग करायला (मुळाशी ओतायला) एका दुकानदाराने सुचवलं होतं मला.

कणगी
मंगळवार, दुपारी ३:५०

ऊसपट्टा दादा, आधी शेवटचं. ते अजिबात करू नका. हात जोडून सांगते. जमिनीत अँटिबायोटिक ओतलं तर अळीच्या पोटात किती पोचेल कुणास ठाऊक पण तुमच्या मातीतले जिवाणू, उसाच्या मुळांशी राहणारे, शेणखत कुजवणारे, सगळ्यांवर घाव बसेल आणि जे उरतील ते औषधाला न जुमानणारे असतील. तीच औषधं माणसांच्या दवाखान्यातही लागतात. प्रयोगशाळेत बशीतल्या किड्याला अँटिबायोटिक देणं वेगळं आणि सव्वा एकरात ओतणं वेगळं.

आता तो काळा फुगा. माती असतेच पण नुसती माती नाही. हुमणीच्या अळीचं शेवटचं आतडं पिशवीसारखं फुगलेलं असतं आणि त्यात कोट्यवधी जिवाणू मुळांचा, पाल्याचा चोथा आंबवत असतात. गायीच्या पोटात जे पुढच्या कप्प्यात चालतं ते हिच्यात मागच्या कप्प्यात. चोथ्यापासून ॲसिटिक आम्लासारखी साधी आम्लं बनतात, ती आतड्याच्या भिंतीतून अळीला मिळतात. मिथेन पण होतो तिथे, गायीसारखाच. हुमणीच्या कुळातल्या पुष्कळ उष्णदेशीय भुंगेऱ्यांत मिथेन सापडलाय, वाळवी, झुरळ आणि पैशाच्या किड्यातही.

आणि या कप्प्याच्या आधी जे मधलं आतडं आहे ते भयंकर अल्कधर्मी असतं. जर्मनीत आंद्रेयास ब्रूने यांच्या गटाने याच कुळातल्या पॅक्नोडा नावाच्या आफ्रिकन भुंगेऱ्याच्या अळ्या तपासल्या, मधल्या आतड्यात सामू (पीएच) १० च्या वर निघाला. साबणाच्या पाण्यापेक्षा जास्त. म्हणजे घास आधी अशा तीव्र पाण्यातून जातो, त्यातून सुटा होतो आणि मग मागच्या पिशवीत आंबतो. दोन-चार सेंटिमीटरच्या अळीत एवढा पसारा.

जिवाणूंची मदत घ्यायचीच असेल तर उलट्या बाजूने घेता येते. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका नावाचे डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी मिळतात, बंगळूरच्या एनबीएआयआर या कृषी कीटक संशोधन संस्थेने त्याची पावडर काढलीय. हे सूत्रकृमी जमिनीत हुमणी शोधून तिच्या शरीरात शिरतात आणि आपल्या आतड्यात बाळगलेले फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू आत सोडतात. अळी एक-दोन दिवसांत मरते आणि विटकरी लाल होते, आणि पूर्ण अंधारात डोळे सरावले तर मंद उजेड देते. म्हणजे इथेही आतड्यातला सहजीवी जिवाणूच, फक्त सूत्रकृमीच्या आतड्यातला. ओल असताना, संध्याकाळी, अळ्या लहान असताना द्यायचं. ऊन आणि कोरडी जमीन असेल तर पैसे वाया.

ऊसपट्टा
मंगळवार, रात्री ८:३०

समजलं ताई. अँटिबायोटिक नाही करत. खरं सांगतो दुकानदार म्हणाला होता म्हणून मनात होतं. मेटारायझियम ही किडे मारणारी बुरशी शेणखतातून दोनदा टाकलीय, सूत्रकृमीचं ऐकलं होतं पण विटकरी लाल होते हे माहीत नव्हतं, आता टाकल्यावर खणून बघता येईल काम झालं का नाही ते.

माडाच्या_सावलीत
मंगळवार, रात्री ९:१५

कोकणातून हजेरी. आमच्याकडे माडावर गेंड्या भुंगा. काका कोवळ्या सुईतल्या (न उमललेल्या कोंबातल्या) भोकात तार घालून भुंगा ओढून काढायचे, आकड्याला टोचलेला तो काळा चकचकीत भुंगा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात, अगदी हुमणीसारख्याच पण अंगठ्याएवढ्या जाड. खड्डा उपसताना कोंबड्या आधी हजर. म्हणजे त्यांच्या पोटात पण तोच काळा कप्पा का? नि शेणच खातात तर आंबवायला काय उरतं?

कणगी
मंगळवार, रात्री ९:५५

हो तेच कूळ, तसाच कप्पा. आणि शेणात पुष्कळ उरतं. गाय सगळा चोथा पचवत नाही, काष्ठयुक्त भाग तसाच बाहेर येतो, आणि शिवाय शेणातले जिवाणू हेच अळीचं अन्न असतात, त्यांच्यात प्रथिनं असतात.

शेण निघालंच आहे तर शेणभुंग्याबद्दल सांगते, गोळे करणारे किंवा जमिनीत बोगदा करून शेण नेणारे. त्यातल्या काही जातींत मादी शेणाच्या गोळ्यात अंड्याखाली स्वतःच्या विष्ठेचा एक छोटा ओटा करून ठेवते. अळी बाहेर आली की आधी तो ओटा खाते, आईच्या आतड्यातले जिवाणू तिला असे मिळतात. अमेरिकेत संशोधकांनी हा ओटा काढून घेतला तर अळ्या हळू वाढल्या आणि लहान राहिल्या. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवासारखं, फक्त इथे लाडू बाळाला.

कूर्गची_सून
बुधवार, सकाळी ११:००

वाचतेय कधीपासून, आता लिहितेच. माहेर नाशिक, सासर मडिकेरीजवळ, घरची कॉफी आहे. आमच्याकडचा शत्रू म्हणजे बेरी बोरर. दीड-दोन मिलिमीटरचा काळा भुंगेरा, कॉफीच्या फळाला देठाच्या विरुद्ध टोकाला टाचणीएवढं भोक पाडतो आणि आत बीमध्ये सगळं कुटुंब वाढवतो. भारतात तो १९९० मध्ये नीलगिरीत गुडलूरला पहिल्यांदा सापडला, तिथून इकडे आला. सासरे सांगतात त्याच्याआधी काढणीनंतर झाडाखाली पडलेली फळं कोणी वेचत नसे, आता एकेक फळ वेचावं लागतं कारण त्यातच तो पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहतो. माझी पहिली काढणी झाली त्या वर्षी मी आणि सासूबाई रोबस्टाच्या झाडांखाली ओणव्याने पाला सरकवून फळं वेचत होतो, कंबर मोडली होती पण सोडलं नाही.

मला नेहमी प्रश्न पडायचा की कॅफिन हे झाडाने किड्यांना मारायलाच बनवलेलं विष, मग हा त्यातच जन्मभर कसा राहतो.

कणगी
बुधवार, दुपारी १२:३०

वा, किती वाट बघत होते कॉफीवालं कुणी येईल याची!

उत्तर परत आतड्यातच आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हे शोधलं, २०१५ मध्ये छापून आलं. वेगवेगळ्या कॉफी पिकवणाऱ्या देशांतून भुंगेरे आणले. त्यांच्या विष्ठेत कॅफिन नाहीच, खाल्लेलं सगळं आतड्यात मोडलं जात होतं. मग अँटिबायोटिक देऊन आतडं साफ केलं, तर कॅफिन जसंच्या तसं बाहेर पडायला लागलं आणि त्यांची अंडी-अळ्या खूपच कमी झाल्या. आतड्यातले कॅफिन खाणारे जिवाणू वेगळे काढले, त्यातला स्यूडोमोनास फुल्व्हा हा मुख्य, तो परत दिला की कॅफिन पुन्हा मोडायला लागलं. कॅफिनचा रेणू तोडायची पहिली पायरी करणारं जनुक त्या जिवाणूकडे आहे.

हे जिवाणू सोंड्यासारखे पेशीत कोंडलेले नाहीत हा फरक लक्षात घ्या. आतड्याच्या पोकळीत मोकळे असतात, आणि स्यूडोमोनास तर मातीत, पानावर सगळीकडे असणारी जात. म्हणजे सहजीवनाच्या या दोन वेगळ्या तऱ्हा झाल्या, एक घरजावई आणि एक पोटभाडेकरू.

कूर्गची_सून
बुधवार, दुपारी १:०५

आज जेवताना सासऱ्यांना सांगितलं, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की म्हणजे आपण इतकी वर्षं एकट्या किड्याशी भांडत नव्हतो. कन्नडमध्ये म्हणाले, मराठीत तेवढं छान येत नाही.

हळद_रुसली
बुधवार, संध्याकाळी ६:४०

सांगलीहून. वडिलांचं हळदीचं अडतदुकान होतं. हळकुंडात गोल गोल भोकं पाडून पिवळा भुगा करणारा तपकिरी बारीक भुंगेरा, डोकं खाली वाकवून कुबड काढल्यासारखा बसतो. तोच मिरचीत, धण्यात, तंबाखूतही. सगळ्या तिखट-कडू गोष्टी ह्याला कशा चालतात? ह्याच्या पोटात कोण आहे?

कणगी
बुधवार, रात्री ८:१५

तो सिगारेट बीटल, तंबाखूवरून नाव पडलं. ह्याच्या पोटात जिवाणू नाही तर यीस्टसारखी बुरशी असते, मधल्या आतड्याच्या सुरुवातीला तिच्यासाठी कोंबांसारखे कप्पे आहेत. ती जीवनसत्त्वं पुरवते आणि वनस्पतींची पुष्कळ विषं निकामी करू शकते. मादी अंडी घालताना त्यांच्यावर ही बुरशी माखते, अळी बाहेर येताना अंड्याचं कवच कुरतडते आणि बुरशी पोटात जाते. तुमचं नाव वाचून आधी हसले आणि मग वडिलांच्या दुकानातल्या पोत्यांचा वास आला अगदी.

ऱ्हाइनकाठी
बुधवार, रात्री ११:५०

जर्मनीतल्या माइन्त्सहून. माझं काम वेगळ्या विषयात आहे पण इथल्या विद्यापीठात भुंगेऱ्यांच्या सहजीवी जिवाणूंवर बरंच काम चालतं म्हणून एक भर घालतो. रव्यात, शेवयांत, खारकेत एक अगदी चपटा तपकिरी किडा असतो, छातीच्या दोन्ही बाजूंना करवतीसारखे सहा-सहा दात. त्याच्यातही आतड्यालगतच्या खास गोळ्यांत टायरोसिनचा माल पुरवणारा जिवाणू आहे. २०२१ मध्ये इथल्या आणि येनाच्या लोकांनी दाखवलं की ग्लायफोसेट हे तणनाशक दिलं तर तो जिवाणू मार खातो आणि किड्याचं कवच पातळ राहतं.

कारण असं की ग्लायफोसेट वनस्पतींच्या ज्या रासायनिक साखळीवर घाव घालतं तीच साखळी जिवाणूंकडे असते. प्राण्यांकडे ती नसते म्हणून प्राण्यांना धोका नाही असं नेहमी सांगितलं जातं. पण प्राणी जर त्या साखळीसाठी पोटातल्या जिवाणूंवर अवलंबून असेल तर?

ऊसपट्टा
गुरुवार, सकाळी ६:५०

हे वाचून थांबलो. बांधावर आम्ही सर्रास मारतो हे. मग हुमणी पण मरायला पाहिजे की त्याने?

कणगी
गुरुवार, सकाळी ८:२०

तसा अर्थ काढू नका दादा. हा परिणाम ज्यांचा एकाच जिवाणूवर सगळा भार आहे अशा किड्यांत दिसलाय. हुमणीच्या पिशवीत शेकडो जातींचे जिवाणू, आणि ती मुळं खाते. शिवाय किडा मारायचं औषध म्हणून याच्याकडे बघितलं तर फटका फक्त शत्रूलाच बसतो असं नाही. मधमाशीच्या आतड्यातल्या जिवाणूंवरही ग्लायफोसेटचा वाईट परिणाम २०१८ मध्ये दाखवला गेलाय. तुमच्या बांधावर फुललेल्या तणावर मधमाश्या येतच असतील. माझं मत विचाराल तर बांध विळ्याने काढा. मजुरी महाग आहे ते मला माहीत आहे, तरी सांगते.

निशाचर
गुरुवार, दुपारी ४:३०

रताळ्याच्या वेलावर सोन्याच्या टिकलीसारखा किडा असतो, कडेने पारदर्शक काच असल्यासारखा, लहानपणी काड्यापेटीत ठेवायचो आणि मेला की सोनं उडून जायचं, फार वाईट वाटायचं. तो पण भुंगेराच ना? ह्याच्याबद्दल काही आहे का?

कणगी
गुरुवार, रात्री ९:१०

आहे! आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तुम्ही बरोबर ओढून काढलंत. तो कासवकिडा. त्याच्या युरोपातल्या भाऊबंदावर, काटेरी झुडपांवर राहणाऱ्या हिरव्या कासवकिड्यावर हसन सालेम आणि सहकाऱ्यांनी काम केलं, २०१७ मध्ये आलं.

पान खायचं म्हणजे पेशींची भिंत फोडायची. त्या भिंतीत पेक्टिन असतं, पेरूची जेली ज्याने धरते तेच. कासवकिड्याला पेक्टिन तोडता येत नाही. ते तोडणारी विकरं (एन्झाइम) त्याचा जिवाणू बनवतो, स्टॅमेरा. आतड्याच्या सुरुवातीला त्याच्यासाठी वेगळ्या पिशव्या आहेत. या जिवाणूचा जनुकसंच फक्त सुमारे २ लाख ७० हजार अक्षरांचा, आपल्या पोटातल्या ई-कोलायचा ४६ लाखांच्या आसपास असतो. पेशीच्या बाहेर राहणाऱ्या जिवाणूत इतका लहान संच म्हणजे नवलच.

आणि आई काय करते बघा. प्रत्येक अंड्याच्या टोकाला एक इवलीशी टोपी ठेवते, तिच्यात जिवाणू भरलेले. अळी बाहेर पडायच्या आधी आतूनच ती टोपी पिऊन घेते आणि मग बाहेर येते. प्रयोगात टोप्या काढून घेतल्या, तर अळ्या पानावर बसूनही बहुतेक मेल्या. समोर हिरवंगार पान, तोंडात घास, आणि पचत नाही.

भातुकली
शुक्रवार, सकाळी १०:४५

टोपीचं वाचून लेकीने दोनदा परत वाचायला लावलं.

आमचा प्रयोग सांगते. मंगळवारी सकाळी तांदळातून तीन लालसर टोके वेचले आणि काचेच्या बाटलीत मूठभर तांदूळ घालून ठेवले, तोंडाला ओढणीचा कपडा बांधला. ती रोज शाळेतून आली की मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघते आणि वहीत रंगीत खडूने ठिपका काढते. मंगळवारी विटकरी ठिपका, बुधवारी पण तोच, काल चॉकलेटी, आज सकाळी दोघांचा गडद चॉकलेटी आणि तिसरा अजून चॉकलेटीच. तिसऱ्याच्या पोटात कमी जिवाणू आहेत का असं विचारतेय.

कणगी
शुक्रवार, सकाळी ११:२०

तिला सांग की तिसरा कदाचित दोन दिवस उशिरा दाण्यातून बाहेर आला असेल, आपण फक्त वेचल्याचा दिवस मोजतोय, जन्माचा नाही. नक्की करायचं असेल तर आतून भोक पडायला आलेले दाणे वेगळे ठेवायचे, उजेडात धरले की आतला किडा काळसर दिसतो, आणि तो बाहेर पडेल त्या दिवसापासून ठिपके काढायचे. वहीचं पान पूर्ण झालं की फोटो टाक इथे.

भातुकली
शुक्रवार, दुपारी १२:०५

पाच दाणे काढले उजेडात धरून. इडलीच्या साच्यात एकेका खळग्यात ठेवलेत, वर दुसरा साचा पालथा.